मुतखड्याची दुर्बीण अन दादाचं ऑपरेशन, बिलासकट सगळा अनुभव

रेटिंग आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे त्याला खालपर्यंत वाचायचं काम नाही. अमरावतीच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये माझ्या मोठ्या भावाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं, वाकणाऱ्या दुर्बिणीने, ज्याला ते लोक आरआयआरएस म्हणतात. ऑपरेशनला पाचपैकी पाच. सिस्टर लोकांना पाच. बिल समजावून सांगायला दोन, तेही शेवटी ऐकून घेतलं म्हणून. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, आमची तक्रार त्यांच्या तोंडावर बोलून झाली आहे, अन मला खरं लिहायचं आहे ते त्या दुर्बिणीबद्दल, कारण बिलात आधी न सांगता वाढलेला आकडा तिचा होता अन आमच्या गावात कोणालाच तिच्याबद्दल काही माहीत नाही.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणतात तो हाच, अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. बोअर मारली तर पाणी लागतं पण तोंडात धरवत नाही. नळाला पाणी आलं की सगळी भांडी भरून ठेवायची अन मग ते पुरवून पुरवून प्यायचं अशी लहानपणापासूनची सवय. दादा सकाळी सहाला वावरात जातो, दुपारी दोनला येतो, सोबत एक लहान कॅन, त्यातलंही अर्धं मजुरांना. मे महिन्यात अन मग ऑक्टोबर हिटमध्ये काय होत असेल विचार करा. डॉक्टरांनी सांगितलं की घाम जास्त अन पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते अन त्यातले क्षार बसायला लागतात, बहुतेकांचे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. खाऱ्या पाण्यानेच खडा होतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पाणी खारट म्हणून माणूस कमी पितो हे मी आमच्या घरातच पाहतो.

ही दादाची दुसरी खेप होती. पहिली सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये. तेव्हा खडा मूत्रनळीच्या वरच्या भागात अडकला होता, त्यांनी सरळ, न वाकणारी दुर्बीण घातली, अन खडा फोडताना तो मागे सरकून किडनीत निघून गेला. हे होऊ शकतं, त्यात डॉक्टरची चूक आहे असं मी म्हणत नाही. सरळ दुर्बीण मूत्रनळीपर्यंत चांगली चालते पण किडनीच्या आतल्या कप्प्यांमध्ये वळत नाही, त्यामुळे खडा तिथे पळाला की हात टेकावे लागतात. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. त्यांनी आत डीजे स्टेंट ठेवला, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी, अन घरी पाठवताना ती कधी काढायची हे कोणी नीट सांगितलंच नाही. डिस्चार्ज कार्डवर इंग्रजीत लिहिलेलं होतं म्हणे. आम्हाला वाटलं ऑपरेशन झालं, संपलं. पाच महिने ती नळी आत राहिली, तिच्यावरच क्षाराचा थर चढला, लघवीत रक्त यायला लागलं तेव्हा कुठे कळलं. काढताना दादाला जो त्रास झाला तो मी दारामागे उभा राहून ऐकला आहे. त्यानंतर तीन वर्षं दुखलं तरी हा माणूस सांगत नव्हता. वहिनी रात्री फोन करायची, "भाऊजी, तुमचे दादा पुन्हा कमरेले उशी लावून बसले हायेत."

म्हणून यावेळी मी ठरवून गेलो की सगळं विचारायचं.

सीटी स्कॅनमध्ये १३ मिलिमीटरचा खडा निघाला, डाव्या किडनीच्या अगदी खालच्या कप्प्यात, अन कडकपणा ११५० एचयू (सीटीवर खडा किती घट्ट आहे ते मोजायचं माप). डॉक्टर साहेबांनी (हे मात्र मनापासून सांगतो, माणूस चांगला) अर्धा तास बसून कागदावर किडनीचं चित्र काढून दाखवलं. तीन रस्ते सांगितले. एक, बाहेरून धक्के देऊन खडा फोडायचा, लिथोट्रिप्सी. ही पद्धत ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली अन ते मशीन विमानं बनवणाऱ्या डॉर्निए कंपनीचं होतं हे त्यांनीच सांगितलं, दादा ऐकतच राहिला. पण खडा हजार एचयूच्या वर कडक असला अन खालच्या कप्प्यात असला तर तो नीट फुटत नाही अन फुटला तरी तुकडे तिथेच बसून राहतात, कारण ते वर चढून बाहेर कसे येणार. दोन, पाठीतून भोक पाडून जाड दुर्बीण घालायची, पीसीएनएल, १९७६ ला स्वीडनमध्ये सुरू झालेली. दोन सेंटिमीटरच्या वरच्या खड्याला तीच चांगली, आता तिच्यातही बारीक भोकाच्या पद्धती आल्या आहेत. तीन, लघवीच्या वाटेनेच वाकणारी बारीक दुर्बीण वर किडनीपर्यंत न्यायची अन लेझरने खड्याचा चुरा करायचा, कुठे कापाकापी नाही. दादाचं वजन, खड्याची जागा, शिवाय दिवाळीच्या आत कापूस वेचणीला उभं राहायचं होतं, सगळं पाहून तिसरा रस्ता ठरला.

ऑपरेशन सव्वा तास चाललं. संध्याकाळी दादा शुद्धीवर, दुसऱ्या दिवशी चालता, तिसऱ्या दिवशी घरी. लघवीला आग अन दोन दिवस गुलाबी रंग, बाकी काही नाही. रूम स्वच्छ, कॅन्टीनचं जेवण तिखटाशिवायचं, नातेवाईकाला झोपायला बाक. रात्री बारानंतरही सिस्टर बेल वाजवल्याबरोबर यायच्या, अन एक पोरगी तर दादाला दर तासाला येऊन म्हणायची, "काका, अजून एक ग्लास घ्या बरं." यात मला काहीच खोट दिसली नाही.

आता ती दुर्बीण. दुसऱ्या दिवशी मी ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) टेक्निशियन भाऊंना विनंती केली की आम्हाला दाखवा, अन त्यांनी खरंच वापरलेली दुर्बीण एका पिशवीत घालून वॉर्डात आणून दाखवली, फेकायच्या आधी. मुठीत मावेल असा प्लास्टिकचा दांडा, त्याला अंगठ्याखाली एक खटका, अन पुढे हातभर लांबीपेक्षा जास्त काळी नळी. जाडी किती तर टोकाशी अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ज्वारीच्या कडब्याच्या काडीपेक्षाही बारीक. खटका खाली दाबला की टोक मागे वळून जवळजवळ स्वतःकडेच पाहायला लागतं, वर ओढला की उलट्या बाजूला तसंच. दोन्हीकडे २७० अंश वळते म्हणाले. टोकावर कॅमेरा अन लाइट, अन आतून एक पोकळी गेलेली, १.२ मिलिमीटरची, त्याच पोकळीतून पाणी जातं, लेझरची केसासारखी तार जाते अन खड्याचे तुकडे पकडायची तारेची टोपलीही जाते. सगळं एकाच भोकातून! दादाने पिशवीवरूनच खटका दोनदा वरखाली केला अन म्हणाला, "हे त आपल्या फवारणी पंपाच्या लान्ससारखं हाय रे, फक्त टोक वाकते." टेक्निशियन हसले अन म्हणाले बरोबर आहे काका, फक्त याला डोळा आहे.

दादाने मग जो प्रश्न विचारला तो मी आजपर्यंत विसरलो नाही. "अन हे आतून धुतेत कसं?"

कापूसवाल्या माणसालाच हा प्रश्न सुचणार. आमच्याकडे कोणी तणनाशक मारलेला पंप नुसता पाण्याने विसळून त्याच पंपाने कपाशीवर फवारा मारला तर काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंशही नळीत राहिला असला तरी कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी निमुळती होतात अन पीक वाकडंतिकडं होऊन बसतं. टाकी धुणं सोपं, नळी अन नोझल धुणं कठीण. मग मिलिमीटरभर भोकाची हातापेक्षा लांब नळी, जी एका माणसाच्या किडनीत जाऊन आली, ती दुसऱ्यासाठी धुवायची म्हणजे काय काम असेल.

टेक्निशियन भाऊंनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. पुन्हा वापरायची जी दुर्बीण असते ती वापरल्याबरोबर आधी वाळू न देता पुसायची, मग गळती तपासायची, कारण एक बारीक छिद्र पडलं तरी आत पाणी शिरून लाखोंची वस्तू खराब, मग एन्झाइमच्या पाण्यात बुडवून आतल्या पोकळीतून बारीक ब्रश फिरवायचा, मग निर्जंतुक करायचं औषध किंवा प्लाझ्माचं मशीन, मग सुकवायचं. यातला ब्रश अन सुकवणं कंटाळा करणारा माणूस सोडून देतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच गोष्टीवर हॉस्पिटलांना पत्र काढलं होतं, पुन्हा वापरायच्या लघवीमार्गाच्या दुर्बिणींमधून इन्फेक्शनच्या किंवा दुर्बीण दूषित राहिल्याच्या साडेचारशेहून जास्त तक्रारी चार वर्षांत आल्या म्हणून. अमेरिकेत हे होतं तर आपल्याकडे ज्या ओटीत दिवसाला आठ केस अन धुवायला एकच माणूस, तिथे काय हाल असतील, मला खरंच काळजी वाटते.

म्हणून जगात आता एकदा वापरून फेकायच्या दुर्बिणी आल्या. हे मार्केट कसं आहे ते मी नंतर बसून वाचलं अन काही डॉक्टरांना विचारलं, कारण बिलात दुर्बिणीचे म्हणून लावलेले ३२ हजार कुठे गेले ते मला समजून घ्यायचं होतं. बरीच वर्षं हा धंदा मोजक्या लोकांच्या हातात होता. जपानची ऑलिम्पस, जर्मनीची कार्ल स्टोर्झ, जी टुटलिंगेन नावाच्या गावात १९४५ ला सुरू झाली, अन जर्मनीचीच रिचर्ड वुल्फ. यांच्या दुर्बिणी उत्तम, पण लाखांच्या घरात, अन नाजूक इतक्या की दहा-वीस केसमध्ये दुरुस्तीला पाठवायची पाळी येते. खालच्या कप्प्यात पूर्ण वाकवून लेझर चालवला तर आतली दोरी थकते, अन लेझरची तार टोकाच्या बाहेर यायच्या आधी चुकून पाय पडला पेडलवर तर दुर्बीण आतूनच जळते. मोठ्या शहरातलं हॉस्पिटल दोन-तीन दुर्बिणी ठेवून एक दुरुस्तीला गेली तरी काम चालवतं. आमच्यासारख्या जिल्ह्यात एकच असली अन ती बिघडली की पेशंटला तारीख पे तारीख, नाहीतर सरळ नागपूर.

मग २०१६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या बोस्टन सायंटिफिकने लिथोव्ह्यू नावाची एकदाच वापरायची डिजिटल दुर्बीण बाजारात आणली. त्यामागे चीनच्या झुहाईची पुसेन आली, डेन्मार्कची अँबू आली, अजून चिनी कंपन्या आल्या अन भाव खाली आले. माझं मत विचाराल तर विदर्भातल्या पेशंटचं खरं भलं या चिनी मालाने केलं, कारण त्याच्याशिवाय जिल्ह्याच्या हॉस्पिटलला वाकणारी दुर्बीण परवडलीच नसती. वीस-पंचवीस लाख अडकवून न ठेवता डॉक्टर पाकीट मागवतो, फोडतो, वापरतो, धुण्याची भानगड नाही, दुरुस्तीची नाही. चित्रसुद्धा प्रत्येक वेळी नव्या कॅमेऱ्याचं. तोटा असा की आता ती किंमत सरळ पेशंटच्या बिलात येते, आधी ती हॉस्पिटलच्या खर्चात लपलेली असायची. अन प्लास्टिक अन कॅमेऱ्याचा कचरा होतो तो वेगळाच, ते पाहून मलाही बरं वाटलं नाही. आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांपैकी ७० ते ८० टक्के बाहेरूनच येतात, २०२० मध्ये सरकारने इथे बनवणाऱ्यांना उत्पादनावर प्रोत्साहनाचे पैसे देणारी पीएलआय योजना काढली, पण आमच्या बिलातली दुर्बीण तरी समुद्र ओलांडूनच आलेली होती.

आता माझी तक्रार. ऑपरेशनच्या आधी काउंटरवर सांगितलं पॅकेज ७२ हजार. डिस्चार्जच्या दिवशी कागद हातात आला तो १ लाख ४ हजारांचा. खाली एक ओळ, "डिस्पो. स्कोप ३२०००", म्हणजे ती एकदा वापरून फेकायची दुर्बीण. बस, एवढंच. ना कंपनी, ना नंबर, ना आधी एक शब्द. मी विचारलं तर बिलिंगवरचा पोरगा म्हणाला, "सर, ते सगळ्यांनाच लागतं." वहिनीने गळ्यातलं मोडायची तयारी ठेवलेली होती हे त्याला कुठे माहीत. कापूस अजून वावरात, व्यापाऱ्याकडून उचल घेऊन आम्ही आलो होतो, ३२ हजार म्हणजे आमच्यासाठी बियाणं-खताचा हिशोब. दुर्बीण चांगली आहे, किंमत योग्य असेलही, पण ती आधी सांगितली पाहिजे, कारण आधी सांगितलं असतं तर आम्ही विचारलं असतं की धुऊन वापरायची घेतली तर किती, तुमच्याकडे धुण्याची सोय कशी आहे, अन मग आमचं आम्ही ठरवलं असतं.

दुसरं असं की एकदाच वापरायची वस्तू दोनदा वापरून दोन पेशंटकडून पूर्ण पैसे घेतले तर पेशंटला कळणार कसं? मी त्यांच्यावर तसा आरोप करत नाही. पण मला खात्री हवी होती, म्हणून मी डब्यावरचं स्टिकर मागितलं. बिलिंगवाला म्हणे असं काही नसतं. असतं. हृदयात स्टेंट टाकतात तेव्हा त्याचं स्टिकर फाइलला चिकटवतात ना, तसंच. मी अर्धा तास तिथेच उभा राहिलो, आवाज वाढवला नाही, शेवटी ओटीच्या इनचार्ज सिस्टर आल्या, डबा शोधून काढला, स्टिकर दिलं. त्यावर लॉट नंबर, बनवल्याची तारीख, मुदत, अन एक गोल चिन्ह ज्यात २ चा आकडा आहे अन त्यावर तिरपी रेघ मारलेली. हे चिन्ह ओळखून ठेवा, त्याचा अर्थ पुन्हा वापरू नका. इंग्रजी येत नसलं तरी ते ओळखता येतं, आमच्या दहावी नापास पुतण्याने पाहून बरोबर सांगितलं, "दोनदा नाही." स्टिकर पाहून माझं समाधान झालं, आमची दुर्बीण नवीच होती. मॅनेजर साहेबांनी नंतर बोलावून ऐकून घेतलं अन ६ हजार कमी केले, अन यापुढे स्कोपची किंमत ॲडमिशनच्या कागदावर लिहू असं म्हणाले. लिहितात की नाही ते पुढच्या माणसाने सांगावं.

जो कोणी जाणार आहे त्याला इतकंच सांगतो की खडा कुठे आहे ते आधी विचारा. मूत्रनळीच्या खालच्या भागात अडकलेल्या खड्याला बहुतेक वेळा सरळ दुर्बीणच पुरते, ती टिकाऊ असते, धुवायला सोपी, अन खर्च बराच कमी, तिथे कोणी वाकणाऱ्या डिस्पोजेबलचे पैसे सांगत असेल तर कारण विचारायला लाजू नका. किडनीच्या आत, त्यातही खालच्या कप्प्यात असेल अन लघवीच्या वाटेनेच जायचं ठरलं तर वाकणारीच लागते, तिथे पैसे वाचवायच्या नादात आमच्या पहिल्या खेपेसारखं करून घेऊ नका. अन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याची ऑपरेशनं आहेत, आता पाच लाखांपर्यंतचं कवच आहे, पण हॉस्पिटल योजनेत असावं लागतं, आम्ही गेलो ते नव्हतं. योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात, रेशनकार्ड अन आधार घेऊन आधी त्यांच्याकडे जा, वाकणारी दुर्बीण पॅकेजमध्ये बसते का अन वरून काही भरावं लागेल का हे त्यांच्याच तोंडून ऐका. आम्ही दुखण्याच्या घाईत हे केलं नाही, रात्री दोनला बोलेरो करून सरळ निघालो, अन दुखणाऱ्या माणसाला घेऊन कोण चौकशी करत बसतो हेही मला समजतं.

स्टेंटचं यावेळी मी स्वतः पाहिलं. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर साहेबांनी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, "आत नळी आहे, १८ दिवसांनी काढणे." घरी येऊन वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट लावलं. त्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघं भाऊ गेलो, दादा रस्ताभर गप्प, मागच्या वेळचं आठवत होता. आत गेला अन पाच मिनिटांत बाहेर आला. मी उठून उभा राहिलो तर म्हणाला, "झालं बी. काहीच नाही वाटलं गड्या." मग स्टँडवर येऊन आम्ही दोन-दोन ग्लास उसाचा रस प्यायलो.

खड्याचा चुरा तपासायला दिला होता, कॅल्शियम ऑक्झलेटच निघाला. मीठ कमी, पाणी इतकं की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, ताक-दूध बंद करायचं नाही (गावात सगळे सांगतात कॅल्शियमने खडा होतो म्हणून दूध सोडा, डॉक्टर म्हणाले उलट, जेवणातलं कॅल्शियम सोडू नका). वावरात आता वीस लिटरची जार जाते, बैलगाडीत गोणपाट गुंडाळून, मजूरही त्यातूनच पितात. तीन महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली आहे, ती झाली की त्याचा रिपोर्ट इथेच खाली लिहीन.